ठेका कुणाचा?

गेल्या हिवाळ्यात अल अमेरातच्या आमच्या घरात माझं आणि माझ्या ७ वर्षांच्या लेकाचं भांडण झालं. वादीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सायकलवरून पडून त्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं. ६ आठवड्यांनी प्लास्टर निघालं. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, डॉक्टरांनी पायावर भार द्यायला सांगितलं. लेक मात्र पाय टेकवायलाच तयार नव्हता.

मी पडले संशोधक. लगेच वाचायला बसले. ठेक्यावर चालायला शिकवण्याचं एक तंत्र आहे. अमेरिकेत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पार्किन्सन आणि पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये त्याचा अभ्यास केला. पुढे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीही ते वापरलं गेलं. कानावर नियमित ठोका पडू लागला की पुढचा कधी येणार याचा अंदाज मेंदू आपोआप बांधतो आणि पाऊल तो क्षण गाठायला बघतं. माझ्या लेकाच्या मेंदूला काही झालं नव्हतं, आड येत होती ती भीती. ठेका तिलाही चकवेल, असं मला वाटलं.

फोनवर मेट्रोनोम लावला, मिनिटाला ९० ठोके. लेक उठला आणि चक्क खोलीभर चालला. मग रडवेला होऊन खाली बसला. "आई, बंद कर ते. ते घाई करतंय." पुढचे दोन दिवस मी फोन हातात घेतला तरी तो पाय आखडून घ्यायचा.

कडू औषध नको असेल तर मूल तोंड मिटून घेतं. कान मिटता येत नाहीत. ज्या मदतीला नाही म्हणणं शरीराला जमतच नाही, ती मुलाला द्यावी का? तुम्हाला काय वाटतं?

तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. नातू भिंत धरून एकेक पाऊल टाकत होता, ती प्रत्येक पावलाला टाळी वाजवत होती. नेट रखडत असल्यानं टाळी पावलानंतर पोहोचायची. ती ऐकली की हा पुढचं पाऊल टाकायचा.

तेव्हा कळलं, मी घाईत अर्धंच वाचलं होतं. त्या तंत्रातही आधी रुग्णाच्या स्वतःच्या चालीची गती मोजतात, ठेका तिला जुळवतात, मग थोडाथोडा वाढवतात आणि शेवटी काढून घेतात. माझे ९० ठोके त्याच्या पायातून आलेच नव्हते. शाळा सुरू होणार होती, मला रजा नव्हती, त्यातून आले होते.

शाळेतल्या लेझमीत ठेका चुकला की सर ओरडायचे. आळंदीहून निघालेल्या दिंडीतही टाळ सगळ्यांना चालवतो, पण दमलेला वारकरी बाजूला बसला तर त्याला कुणी ओढत नाही.

तुम्ही म्हणाल, मुलाच्याच गतीनं गेलं तर तो भिंत कधी सोडणार? खरं आहे, थोडं पुढे न्यावंच लागतं. म्हणून ठेका वाढवण्याआधी मी त्याला विचारू लागले, आणि "बंद कर" म्हणाला की बंद करू लागले. कधीकधी तो नुसता कंटाळा करत असायचा, हे कळत असूनही.