संकुलाचे पाणलोट

वांद्रे-कुर्ला संकुलातील काचांनी मढविलेल्या उत्तुंग इमारती पाहून दिपून न जाणारा मनुष्य विरळा. आणि मिठी नदीकाठच्या दलदलीवर, १९७७ साली नियोजनाचे अधिकार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आल्यानंतर, राष्ट्रीय शेअर बाजारापासून हिरेबाजारापर्यंत एवढा व्यापार जेथे एकवटला, ते कर्तृत्व मीही क्षुल्लक मानीत नाही. परंतु या संकुलाचे क्षेत्र सरकारी दफ्तरात ज्या रीतीने मोजले जाते, ती मला अपुरी वाटते. भूखंडावर किती बांधकाम चढवावे याचा निर्देशांक ठरलेला असतो, वाहनतळाचाही हिशेब असतो. मात्र वरच्या मजल्यावरील नळाचे पाणी ज्या डोंगरउतारांवरून गोळा होते, त्या भूमीची नोंद कोणत्याही भाडेपट्ट्यात नसते.

विहार आणि तुळशी हे तलाव अपुरे पडू लागल्यावर मुंबईच्या म्युनिसिपालिटीने शहापूर तालुक्यात तानसा नदी अडविली, आणि १८९२ पासून ते पाणी केवळ उताराच्या बळावर नळांतून शहराकडे वाहू लागले. पुढे वैतरणा व भातसा यांचेही पाणी शहराकडे वळविले गेले. आषाढ-श्रावणात मुसळधार पाऊस झेलणाऱ्या याच मुलखात, कातळावरून तो वाहून गेल्यावर, वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि वारली, ठाकूर, कातकरी यांच्या पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. तलाव समोर असतो, पण खाली. पाड्यापर्यंत पाणी चढवावयाचे तर पंप, वीज आणि मंजुरी हवी. भूगोलाचा हा निवाडा अटळ आहे असे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. कारण तेच पाणी संकुलात पंपांनीच मजल्यामागून मजले चढते आणि तेथे चढण ही अडचण म्हणून कोणी पुढे करीत नाही.

मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधण्याचा घाट घालण्यात आला, तेव्हा त्यासाठी पैसा पुरविणारे होते तेच प्राधिकरण, ज्याने संकुलातील भूखंड भाडेपट्ट्याने दिले. वनखात्याची परवानगी नसताना आरंभिलेले ते काम २०१२ साली उच्च न्यायालयाने थांबविले. अशा योजनेचे कागद पुन्हा पुढे सरकतील, तेव्हा शहराचा वाटा ठरण्यापूर्वी बुडणाऱ्या गावांची संमती आणि काठच्या प्रत्येक पाड्याचा बारमाही नळ ही कलमे करारात प्रथम लिहिली जावीत, आणि त्यांचा खर्च संकुलाच्या भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातून वसूल व्हावा.