उलट्या फळांचा आघाडा

गणपतीच्या पत्रीत आघाडा असतोच. त्याच्या लांब तुऱ्यावरची फळे टोके खाली करून वळलेली असतात. खालून वर हात फिरवला की टोचतात. अथर्ववेदाच्या ऋषींनी ही ठेवण नेमकी हेरली. जिची फळे उलटी, ती वनस्पती आपल्यावर सोडलेली कृत्या, म्हणजे करणीही, उलटी धाडील, असा त्यांचा तर्क. चौथ्या कांडातली १७ ते १९ ही तीन सूक्ते याच अपामार्गाला, म्हणजे आपल्या आघाड्याला, उद्देशून आहेत.

अशा मंत्रप्रयोगांविषयी आपण एकच प्रश्न विचारतो : ते खरे की खोटे? माझ्या मते मंत्राने कोणी मरत नाही आणि कोणी वशही होत नाही. पण जुन्या ग्रंथांपुढे दुसराच प्रश्न होता : यांतला कोणता प्रयोग करायचा? तो प्रश्न मला आजही जिवंत वाटतो, कारण त्यात माणसाला स्वतःच्या इच्छेचे नाव सांगावे लागते.

घरातले भांडण घ्या. अथर्ववेदात त्यावर सांमनस्याचे, म्हणजे मने जुळवण्याचे, सूक्त आहे (३.३०). नुकत्याच जन्मलेल्या वासरावर गाय जीव टाकते तसा एकमेकांवर टाका, तुमचे पाणी एक असो, अन्न एक असो, असे ते घरातल्या सगळ्यांना सांगते. त्याच कांडात, बाराच सूक्ते आधी, सवतीला नवऱ्याच्या मनातून घालवण्यासाठी मुळी खणणारी बाई आहे. तिचे सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही सापडते. दुखणे एकच, घरातला दुरावा. पण पहिले सूक्त निवडणाऱ्याला सगळे घर हवे आहे आणि दुसरे निवडणारीला एक माणूस कमी हवा आहे. त्या बाईला मी दोष देत नाही. दुसरी बायको आणणाऱ्या नवऱ्यापुढे तिच्या हातात दुसरे काय होते?

तंत्रग्रंथांनी ही निवड आणखी काटेकोर केली. शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण अशी षट्कर्मे. ‘शारदातिलक’ प्रत्येक कर्माला वेगळी देवता आणि वेगळी दिशा देते : शांतीला ईशान्य, मारणाला आग्नेय. काशीच्या महीधराने १५८८ साली लिहिलेल्या ‘मंत्रमहोदधी’चा शेवटचा, पंचविसावा तरंगही याच विषयाचा. अशा व्यवस्थेत साधकाला मोघम राहता येत नाही. कोणत्या दिशेला तोंड करून बसायचे हे ठरवण्याआधी आपल्याला समोरच्याचे मन वळवायचे आहे की त्याला संपवायचे आहे, हे त्याला ठरवावे लागते.

पळवाट मात्र राहतेच. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय अभिचाराला, म्हणजे दुसऱ्यावर केलेल्या मारक मंत्रप्रयोगाला, उपपातकांत गणतो, नववा अध्याय त्याला दोनशे पणांचा दंड सांगतो, आणि तोच अकरावा अध्याय ब्राह्मणाला शत्रूवर अथर्वमंत्र वापरायची मोकळीकही देतो, कारण वाणी हेच त्याचे शस्त्र. म्हणजे आपण केले तर संरक्षण, दुसऱ्याने केले तर पातक. मारण करतो असे स्वतःशी कबूल करणारा माणूस विरळा. बहुतेकांना वाटते की आपण फक्त उलटवतो आहोत.

म्हणून सगळ्या प्रकारांत मला भीती वाटते ती या उलटवण्याची. दिसायला ते सर्वांत निर्दोष, पण त्याची सुरुवातच आरोपाने होते : माझ्यावर कोणीतरी केले आहे.

इथे आघाड्याची सूक्ते पुन्हा वाचावीत. कृत्या ज्याने केली त्याच्याकडे परत जावो, एवढेच ती म्हणतात. तो कोण, हे सांगत नाहीत. अथर्ववेदाच्याच सोळाव्या कांडात जिथे शत्रूला बांधायचे आहे तिथे मात्र अमक्या कुळातला, अमकीचा मुलगा अशी जागा मोकळी सोडलेली आहे. नाव आपण भरायचे. या दोन रचनांतले अंतर फार मोठे आहे. आपल्याकडचा देवऋषी ते अंतर एका वाक्यात ओलांडतो. आजारी मुलाच्या आईला तो उतारा सांगतो, आणि त्याबरोबर नावही सुचवतो : विधवा जाऊ, शेजारची म्हातारी, बांधावरून भांडलेला भाऊबंद. ज्या क्षणी नाव उच्चारले जाते त्या क्षणी प्रकार बदललेला असतो, आणि मार खाणारे माणूस खरे असते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने नेमके हे ओळखले. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि तो होण्याआधीच, त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला, पुण्यात त्यांचा खून झाला.

अथर्ववेदातच त्या आईसाठी दुसरेही काही होते. सहाव्या कांडातले १०५ वे सूक्त खोकल्यावरचे आहे. मन जसे दूर धावते, बाण जसा सुटतो, सूर्याचे किरण जसे जातात, तसा तू जा, असे ते खोकल्याशीच बोलते. त्यात शेजारचे घर कुठेच येत नाही.