नवे खोत

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळे आखणारा माणूस सहसा कुणाचा पगारी नोकर नसतो. तो नगावर काम करतो. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात आज या कारखान्यात, उद्या त्या. जितक्या मूर्ती तितके पैसे, आणि अंगात ताप असेल त्या दिवशी काहीच नाही. रोह्यात घरी बसून मुंबईच्या दुकानांसाठी डिझाइन करणारी मुलगी, लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारा मुलगा, मेंदी काढणारी, शिकवण्या घेणारी, ही सगळी त्याचीच भावंडं. धनी कुणीच नाही, तरी हातावरचं पोट. या मंडळींच्या मानगुटीवर गेल्या काही वर्षांत आणखी एक काम येऊन बसलं आहे आणि त्याची मजुरी कुणीच देत नाही. ते काम म्हणजे इन्स्टाग्रामवर रोज दिसत राहणं.

आखणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. अंगाचा रंग, पितांबर, दागिने सगळं उरकलं की शेवटी डोळे. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, मग बुबुळ, मग बुबुळातला पांढरा ठिपका. ठिपका केसभर सरकला तर देव तिरळा दिसतो, आणि पेणच्या मूर्तीचं सारं नाव त्या नजरेवर उभं आहे. त्यामुळे रेघ ओढताना जुना कारागीर श्वासही धरून ठेवतो. आता समोर तिपाईवर फोन आणि गोल दिवा असतो. दिव्याची तिरीप ओल्या रंगावर पडून डोळ्यांपुढे चमकते. हात आपल्या लयीत चालला तर व्हिडिओत काहीच कळत नाही, म्हणून तो मुद्दाम सावकाश चालवायचा. तेही जमलं नाही तर आधी आखलेल्या डोळ्यावरूनच कोरडा ब्रश फिरवून नव्याने आखल्याचं सोंग करायचं. मग काटछाट, मग सध्या चालणारं गाणं शोधणं, मग दर थोड्या वेळाने किती जणांनी पाहिलं ते पाहणं. ऐन आषाढ-श्रावणात, म्हणजे ज्या दिवसांत वर्षाची कमाई व्हायची त्याच दिवसांत, कोऱ्या डोळ्यांच्या मूर्तींची रांग बाजूला तशीच खोळंबलेली असते.

कुणी म्हणेल, यातूनच गिऱ्हाईक मिळतं. मिळतं, नाकारत नाही. रोह्यासारख्या गावातल्या मुलीला पुण्याचं, नाशिकचं काम एरवी कुणी दिलं असतं? पण मिळणाऱ्या कामाचा हिशेब सगळे सांगतात आणि त्यासाठी गेलेल्या वेळाचा हिशेब कुणीच मांडत नाही. रोज दोन तास धरा. महिन्याचे साठ झाले. आठ तासांचा एक दिवस मानला तर साडेसात दिवसांची मजुरी दरमहा कुणाला तरी फुकट गेली.

कुणाला गेली, तेही पाहू. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये फेसबुकने ते एक अब्ज डॉलरला विकत घेतलं. आधी फोटो ज्या क्रमाने टाकले त्या क्रमाने लोकांना दिसत. २०१६ मध्ये तो क्रम मोडला आणि कुणाचं काय वर आणायचं हे कंपनीचं गणित ठरवू लागलं. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत रील्स हजर. चांगला फोटो काढायला नुकतेच शिकलेले हात पुन्हा पहिलीत जाऊन बसले. यातला एकही नियम हमरापूरला विचारून बदलला नव्हता. इन्स्टाग्रामच्या या मालक कंपनीचं २०२४ चं उत्पन्न १६४ अब्ज डॉलरच्या वर होतं आणि ते जवळजवळ सगळं जाहिरातींचं. त्या जाहिराती ज्या चित्रांच्या मधे पेरल्या जातात ती चित्रं पुरवणारा आपला आखणीवाला, तोही बिनपगारी. वर त्याचंच काम त्याच्याच तालुक्यात दिसावं असं वाटलं तर 'बूस्ट'चे पैसे त्यानेच मोजायचे.

रायगडच्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगायला नको. जमीन खोताची, घाम कुळाचा. पीक निघालं की खंड आधी खोताच्या कोठारात आणि उरेल ते कुळाचं. खोताची मर्जी फिरली की कूळ बेदखल. आज वर्षानुवर्षं जमवलेली माणसं ज्या खात्यावर आहेत ते खातं एका सकाळी बंद झालेलं दिसतं आणि दाद मागायला दारच सापडत नाही. जुन्या खोताला निदान आपलं कूळ तोंडओळखीने तरी माहीत होतं! अर्थात दोन्हींचा जाच सारखा नाही. तिथे घरंच्या घरं उपाशी राहिली, इथे झोप आणि नजर जाते. पण खंड कसा वसूल होतो, याची रीत तीच आहे.

त्या रीतीविरुद्ध इथून जवळच, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. पंचवीस गावांनी जमिनी कसायचं सोडलं. शेतं ओस पडली, माणसांनी लाकूडफाटा विकून, मासळी धरून दिवस काढले, पण १९३९ पर्यंत कुणी मागे हटलं नाही. मधल्या काळात, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र काढलं. संपाच्या चिकाटीचं कौतुक आपण करतो, पण त्यातल्या दोन गोष्टी आजच्या कामाच्या आहेत. एक, खोताशी एकेकट्या कुळाने बोलणी करायची नाहीत. दोन, आपलं म्हणणं सांगायचं तर साधन आपल्या मालकीचं हवं.

आजचा नगावर काम करणारा नेमका उलट वागतो. त्याची स्पर्धा शेजारच्या गाळ्यातल्या भावाशी. त्याने रील टाकली म्हणून मी टाकतो, त्याने दोन टाकल्या म्हणून मी तीन. दोघांचेही तास गेले आणि दोघांचाही दर आहे तिथेच राहिला. आपण कितीला आखतो हे कुणी कुणाला सांगत नाही, पण आपल्याला किती 'फॉलोअर' आहेत ते सगळ्यांना सांगतो.

तासांचा हिशेब मांडायचा तर उदाहरण जवळचंच आहे. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा भावे १८९५ साली जन्मले. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीत त्यांनी एक प्रयोग केला. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यावरच पोट भरायचं. कातणाऱ्याच्या तासाला खरंच काय पडतं, ते स्वतःच्या ताटावर मोजून पाहायचं. त्यांच्याइतकं कडक राहायला कुणी सांगत नाही. एका हंगामापुरती वही ठेवावी, तीत दोनच रकाने, आखणीचे तास आणि फोनचे तास, आणि गौरीविसर्जनानंतर बेरीज मारावी.

दोष मात्र एकट्या कारागिराच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. रात्री अकराला 'रेट?' एवढा एकच शब्द टाकून सकाळी उत्तर आलं नाही म्हणून दुसरीकडे जाणारे आपणच. नमुना म्हणून फुकट डिझाइन मागणारे आपण. हात बघायच्या आधी 'फॉलोअर' बघणारेही आपणच. आणि 'पर्सनल ब्रँडिंग'च्या नावाखाली फी घेऊन पोरांना 'दिसला नाहीत तर संपलात' अशी धास्ती घालणारे वक्ते? त्यांचा धंदा त्या धास्तीवरच चालतो. आखणीवाला निवांत झाला तर त्यांच्या शिबिराला कोण येणार?

खरं तर पेणचं नाव फोन येण्याच्या कितीतरी आधी झालं. इथल्या कच्च्या मूर्ती मुंबई-पुण्याच्या रंगाऱ्यांकडे जात आल्या, परदेशी जाणाऱ्या मूर्ती गणपतीच्या कित्येक महिने आधी बोटीला लागतात. या मूर्ती उचलणारे व्यापारी मागच्या वर्षीच्या मालावर बोलतात. त्यांना पापणीची रेघ पाहायची असते, ती ओढतानाचं गाणं ऐकायचं नसतं. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, म्हणजे नाव आधीच गावाच्या सामाईक मालकीचं आहे. मग प्रत्येकाने आपल्या नावाचं वेगळं दुकान रोज मांडायचा अट्टहास कशासाठी? गावाचं एक पान असावं, ते एकाच पगारी माणसाने सांभाळावं, आणि त्याचा पगार कारखानदारांनी द्यावा, कारण विक्री त्यांची होते. कारागिराने गिऱ्हाइकाचे नंबर स्वतःच्या वहीत लिहून ठेवावेत, कंपनीच्या खात्यात नाही. उत्तरं संध्याकाळच्या ठरलेल्या एका तासात. रोह्याच्या डिझाइनवालीनेही तेच करावं आणि नमुन्याचे पैसे आधी घ्यावेत.

हे एकट्याने होणार नाही हे उघड आहे. जो एकटा थांबेल तो मागे पडेल आणि शेजारी पुढे जाईल. पण एकी या धंद्याला नवी नाही. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्तींविरुद्ध नियम काढले तेव्हा मूर्तिकारांच्या संघटना सरकारदरबारी गेल्या, न्यायालयात गेल्या, २०२५ पर्यंत भांडत राहिल्या. पीओपीच्या बाजूने भांडणं बरोबर होतं का, हा वेगळा लेख होईल. पण मालाच्या प्रश्नावर जी बैठक भरते तिच्यात मजुरीचा प्रश्न क्वचितच निघतो आणि आखणीवाल्याला तर बोलवतही नाहीत. दिवाळी संपून साचे पुन्हा बाहेर निघतील तेव्हा पहिल्या बैठकीत त्याला खुर्ची द्यावी, आणि दोन विषय आधी घ्यावेत: यंदा डोळ्यांच्या जोडीला काय दर, आणि रील काढायची तर त्याच्या वेळाचे पैसे कोण देणार.