मातीची विद्या आणि वारकऱ्याचे दान

देह नाशिवंत, रोग प्रारब्धाचा. मग वनस्पती आणि सूक्ष्म जीव यांचा अभ्यास करणाऱ्यांस द्रव्यसाहाय्य करणे परमार्थात बसते काय, असा प्रश्न आमच्या मोहन्याच्या भजनी मंडळीत निघतो. सज्जनहो, त्याचा थोडा विचार करू.

पूर्वपक्ष असा. अन्नदानाचे फळ तत्काळ दिसते. पंगत उठली की भुकेलेला तृप्त झालेला असतो. प्रयोगशाळेत दिलेल्या रुपयाचे फळ केव्हा येईल, येईल की नाही, कोणी सांगावे? शिवाय प्रारब्ध कोणास चुकले आहे?

आधी प्रारब्धाचे पाहू. आपल्या लेकराला ताप भरला की आपण डॉक्टरकडे धावतो. तेथे प्रारब्ध आठवत नाही. दुसऱ्याच्या लेकरासाठी खिशात हात घालायची वेळ आली की मात्र आठवते. हा वेदान्त नव्हे बरे, ही कृपणता!

आता फळाचे. तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीस मुक्काम करते आणि पिंपरीवरून पुण्यास जाते. त्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्यास हातभार लावला, आणि बुरशीपासून होणारे पेनिसिलिन आपल्या देशात तयार होऊ लागले. पुढे १९६० च्या सुमारास तेथील संशोधक तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध मिळविले. तेथेच निघालेले ऑरिओफंजिन पिकांच्या रोगांवर उपयोगी पडले. वारकरी जी धूळ कपाळी लावतो, तिच्यातच हे दडलेले होते!

शेतकरी माळकऱ्यास तर घरचाच दृष्टान्त आहे. हरभरा उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर देते. कोणी कोणाचे ऋण ठेवीत नाही. हे ज्यांनी शोधले त्यांच्यामुळेच आज पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू संवर्धक चोळता येते.

परंतु हे काम संपलेले नाही. औषध नको तेथे घेतले, किंवा अर्ध्यावर सोडले, की जे जंतू तगतात त्यांचीच संतती वाढते आणि तेच औषध पुढे चालेनासे होते. आज साऱ्या जगापुढे हे संकट आहे. म्हणून औषध घेण्यात संयम हवा आणि नव्या औषधाचा शोधही हवा. त्या शोधात मातीचे नमुन्यावर नमुने तपासावे लागतात, आणि बहुतेकांतून काहीच निघत नाही. तरी तो मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. फलाशा सोडून कर्म करावे, हे आपण कीर्तनात सांगतो. तो ते करतो. मग त्याला देणाऱ्यानेच फळाची घाई का करावी?

चराचरात पांडुरंग आहे असे म्हणावे आणि चिमूटभर मातीकडे तुच्छतेने पाहावे, हे जुळत नाही. अन्नदान बंद करा असे मी म्हणत नाही. ते चालूच राहो. त्या दानातला एक वाटा मात्र गावातल्या ज्या मुला-मुलीला या विद्येची गोडी आहे, त्याच्या शिक्षणास द्यावा. त्या दानाची पंगत आपल्या डोळ्यांदेखत बसणार नाही कदाचित. म्हणून ते कमी दान ठरत नाही.

रामकृष्णहरि.