गुण आला, पण कशाचा?

पंचविशीतली सून एके दिवशी म्हणते, एका डोळ्यापुढं धुरकट दिसतंय, डोळा फिरवला की आत दुखतं. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत मग पहिली शंका येते ती बाहेरच्या बाधेची. अमावास्येला उतारा टाकतात, दंडाला काळा दोरा बांधतात, कपाळाला अंगारा लावतात. महिना-दीड महिन्यात तिला दिसायला लागतं आणि देवऋष्याचं नाव पंचक्रोशीत होतं. वर्षभरानं पाय बधिर होतो, तेव्हा वाट ठरलेलीच असते.

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचा स्वभावच देवऋष्याच्या पथ्यावर पडणारा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतल्या मायलिन या आवरणावर उलटते. पुढं हल्ला ओसरतो, सूज उतरते आणि बहुतेकींना सुरुवातीला आपोआपच बरं वाटतं. आजार बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो, तोही पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिपटीनं. म्हणजे ज्या वयात बाईचं गाऱ्हाणं सहसा कुणी मनावर घेत नाही, नेमक्या त्याच वयात.

पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराची नीट मांडणी केली, ती मृत रुग्णांच्या मेंदूतले डाग पाहून. जिवंत माणसाचे डाग स्पष्ट दिसायला 1981 साल उजाडलं. लंडनच्या संशोधकांनी चुंबकीय प्रतिमा, म्हणजे एमआरआय, घेतल्या, तेव्हा सीटी स्कॅनला न दिसलेले कितीतरी डाग समोर आले. पुढं वारंवार स्कॅन करून पाहिल्यावर कळलं, की रुग्णाला जाणवणाऱ्या एकेका हल्ल्यामागं अनेक नवे डाग गुपचूप उमटून गेलेले असतात. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की त्यांतले ताजे डाग उजळतात, जुने तसेच राहतात. डोळा सुधारला, अंगाऱ्याला कौल मिळाला आणि आत पडझड चालूच होती, असं एमआरआयची फिल्म सांगते.

याहून वाईट प्रकार धुरीचा. अंग तापलं की या रुग्णांची दृष्टी आणि हातापायांतलं बळ तात्पुरतं घटतं. श्रमानंतर दृष्टी अशी तात्पुरती मंदावते, हे जर्मन डॉक्टर ऊटहॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवलं होतं. बंद खोलीत धुनीपुढं बसवलेली पोरगी अडखळली की 'झाड खेळायला लागलं', बाहेर वाऱ्यावर आणल्यावर सावरली की 'उतरलं'. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. कायदा आला, पण धुनी पेटवणारा घरातलाच असेल तर तक्रार करणार कोण?

आपल्याकडं डॉक्टरांचा तुटवडा आहे असंही नाही. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारलं, कऱ्हाडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी एमआरआयच्या दारात खोळंबा होतोच. जोडवी, पिना, कानातलं निघतं. मंगळसूत्रावर मात्र सासू अडून बसते. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण दागिन्याच्या फाशात, तारेत काय मिसळलंय ते कुणाला ठाऊक? अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न असतो. दुसरी भीती किरणांची. या तपासणीत क्षकिरण नसतातच; शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन चुंबकाच्या प्रभावाखाली देतो त्या संकेतांवर चित्र बनतं.

आता फिल्मचीच पूजा मांडायचीही गरज नाही. प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे हाच आजार नव्हे. अर्धशिशीत ठिपके दिसतात, क्षयाचे आणि जंतांचे डाग वेगळे, बी-12 च्या कमतरतेनंही मज्जारज्जू बिघडतो. चित्र, लक्षणं आणि गरजेप्रमाणं पाठीतल्या पाण्याची तपासणी एकत्र पाहून मेंदूविकारतज्ज्ञच निदान करतो. निदान लवकर झालं, तर नवे हल्ले आणि डाग कमी करणारी औषधं आज मिळतात. ती चालू ठेवायची असतात, बरं वाटलं म्हणून सोडायची नसतात.

चीड येते ती पुढच्या प्रकाराची. जी फिल्म उपचारासाठी काढली, तीच दाखवून सुनेला माहेरी धाडतात: 'पोरीच्या डोक्यातच बिघाड होता, आम्हाला फसवलं.' हा आजार वेड नाही, संसर्गानं पसरत नाही आणि त्यामुळं आई होता येत नाही असंही नाही. औषधांचं नियोजन तेवढं आधी करावं लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत या आजाराचं नाव आहे. सासरच्यांना फिल्म हातात धरायचीच असेल, तर सगळ्या तारखेनं लावून जपून ठेवाव्यात. पुढच्या स्कॅनला रेडिऑलॉजिस्ट आधी जुनी मागतो.