गृहस्थाची चार सुखे



"देव सोडले, जत्रा सोडली, आता घरात आनंद तो कसला उरला?" असे आपल्याच वस्तीतल्या म्हाताऱ्या आया विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. घाम गाळून, सन्मार्गाने मिळवलेले जवळ असणे हे पहिले. त्याचा उपभोग घेणे व त्यातून दान करणे हे दुसरे. कोणाचे ऋण नसणे हे तिसरे. काया-वाचा-मनाने निर्दोष असणे हे चौथे. आधीची तिन्ही याच्या सोळाव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत.

तेव्हा धम्माला आनंद वर्ज्य नाही. सर्वांनी मिळून भाकरी खावी, लेकराचा धडा ऐकावा, संध्याकाळी विहारात बसावे, गाणे म्हणावे. पूज्य बाबासाहेबांना ग्रंथांचे वेड होते. उतारवयात ते व्हायोलिनही शिकले.

पण जत्रेच्या बकऱ्यासाठी सावकाराकडून उचल घेतली, की एका रात्रीचा आनंद वर्षभर फेडावा लागे. आज लग्नातल्या बँडसाठी आणि मंडपासाठी आपण कर्ज काढत असू, तर बकरा तेवढा बदलला, सावकार तोच राहिला!

येत्या पौर्णिमेला घरातली सर्व माणसे एकत्र बसा. वंदना घ्या, देण्याचा हिशेब मांडा, मुलांसाठी एक पुस्तक आणा. म्हाताऱ्या आईला तिचे उत्तर त्या संध्याकाळी आपोआप मिळेल.

जयभीम!