काल्यातले दही आणि आळ्याचा रेडा

गुडघ्यांनी साथ सोडली त्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही. तरी बदलापूरच्या आमच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी हंडी माझ्याच हातून फोडून घेतात आणि पहिले घास मी वाटतो. मागल्या वर्षी त्या ओळीत माझी नात उभी होती. मी काला पुढे केला. तिने हात जोडले, पण पसरले नाहीत. "आबा, यात दही आहे," एवढेच म्हणाली.

काल्याचा प्रसाद नाकारणे म्हणजे काय, हे वाचक माउलींना सांगायला नको. काल्याचे एक शीत मिळावे म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, ही कथा मी पन्नास वर्षे सांगत आलो. आणि माझ्याच घरची लेक हात मागे घेते! मी चारचौघांत बोलून गेलो, "गळ्यात माळ आहे ना तुझ्या? मग प्रसादाला नाही म्हणायला कोणी शिकवलं?" ती मान खाली घालून बाजूला झाली. विणेकरी माझ्याकडे पाहत राहिले.

पोरगी रोज बदलापूरहून मुंबईला नोकरीला जाते. वर्षभरापूर्वी तिने दूध, दही, तूप, मध सारे सोडले. याला व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला. मला वाटले, हे परदेशी खूळ आहे, उतरेल. त्या रात्री मात्र ती माझ्या खाटेजवळ येऊन बसली आणि एकच प्रश्न विचारला. "आबा, म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. वगार झाली तर ठेवतात. रेडा झाला तर त्याचं काय करतात?"

उत्तर मला ठाऊक होते, म्हणून मी गप्प बसलो.

आमचे मूळ गाव जुन्नर तालुक्यातले. घरी एक म्हैस होती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिला रेडकू झाले. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून आम्ही पोरे त्याला चांद्या म्हणत असू. दूध डेअरीला जाई, आम्हाला ताक आणि चांद्याला त्याहून कमी. पूर्वी एक सड पिलाला सोडायची रीत होती, पण दुधाला रोख पैसा आल्यावर तो सडही पिळला जाऊ लागला. पाचव्या महिन्यात वडिलांनी त्याला आठवड्याच्या बाजारात नेले आणि दावे तेवढे परत आणले. कोणी घेतले ते आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. वडील माळकरी, आषाढी न चुकलेले. त्या पैशांत त्या वर्षीच्या वारीचा शिधा भरला.

आमच्याच तालुक्यात आळे गाव आहे. पैठणला माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवला, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. तिथे मी लहानपणापासून डोके टेकवत आलो. रेडा हा प्रसंग लावला की माझे कीर्तन रंगायचे. त्याच्या पाठीवरचा आसूड माउलींच्या पाठीवर उमटला, इथे आलो की बाया-बापड्यांच्या डोळ्यांना पदर लागायचे. शेकडो वेळा सांगितले असेल. त्यातल्या एकाही वेळी मला चांद्या आठवला नाही. नातीने विचारले त्या रात्री आठवला.

आता शास्त्राच्या रीतीने पूर्वपक्ष मांडला पाहिजे, कारण दूध ही आपल्याकडे साधी वस्तू नाही. नामदेवरायांच्या हातून पांडुरंग दूध प्याला. आपला देव गवळ्याच्या घरी वाढला. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. पंचामृतात पाचांपैकी दूध, दही, तूप ही तीन गोठ्यातली आणि चौथा मध पोळ्यातला. जवळ अंबरनाथला शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे शिवालय आहे. महाशिवरात्रीला तिथे अभिषेकासाठी लोक दूध घेऊन रांगेत उभे राहतात. हे सारे चूक, असे म्हणायची माझी जीभ होत नाही, आणि मी म्हणतही नाही.

पण गोकुळातली गाय आणि पहाटे काकड्याच्या वेळी आमच्या इमारतीखाली क्रेटमधून उतरणारी पिशवी, या दोन गोष्टी एक नव्हेत. काल्याच्या कीर्तनात आपण सांगतोच की गोकुळातले लोणी मथुरेच्या बाजाराला जाई, घरची पोरे नि वासरे कोरडी राहत, म्हणून देवाने मडकी फोडली. मग आज आपण कोणत्या बाजूला आहोत? गोकुळात की मथुरेत? पिशवीत वासरू दिसत नाही, तेवढी सोय मात्र झाली आहे.

जुन्या काळी रेड्यालाही काम होते. तो पखाल वाही, भातखाचरात चिखलणी करी. आता यंत्रे आली आणि त्याचे काम गेले. आपल्या राज्यात गायीला १९७६ च्या कायद्याने आणि बैलाला २०१५ च्या दुरुस्तीने अभय मिळाले. रेडा त्यात नाही. ज्याच्या तोंडी वेद आला, त्याचीच जात उघड्यावर राहिली! माळकरी मांस खात नाही हे खरे. पण आपल्या चहाला दूध हवे म्हणून जे पिलू जन्माला येते आणि नको म्हणून बाजारात जाते, त्याचा हिशेब आपल्या ताटापाशी थांबतो का?

हे मी एका शेतकरी टाळकऱ्यापुढे बोललो, तर तो तडकला. "बुवा, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो म्हणून घर चालतंय. पावसाने पीक नेलं की म्हैसच तारते. तुमची नात आम्हाला पाप लावणार का?" त्याचे खोटे नव्हते. नातीला सांगितले, तर ती म्हणाली, "मी कुणाला पाप लावलं नाही, आबा. मी फक्त माझ्यापुरतं नको म्हटलं." हेही खरे. तिने घरात कोणाच्या चहाकडे कधी डोळे वटारून पाहिले नाही. मी मात्र प्रसादाच्या ओळीत तिला बोललो होतो.

गांधीजींनी १९१२ साली गायी-म्हशींच्या दुधाचे व्रत सोडण्याचे घेतले. गवळी शेवटचा थेंब काढण्यासाठी जनावरांचे जे हाल करीत, ते त्यांना साहवेना. पुढे मोठे दुखणे आले. कस्तुरबांनी सुचवले की व्रत गाय-म्हशीचे आहे, शेळीचे नव्हे. ते शेळीचे दूध घेऊ लागले, पण शब्द पाळला आणि आशय मोडला ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. शब्द आणि आशय यांतला हा फरक माळ घालणाऱ्याने विचारात घेण्यासारखा आहे.

सूनबाईंची तक्रार वेगळी. दोन-दोन स्वयंपाक कोण करणार? बघता बघता ते प्रकरण निवळले, कारण आपले अर्धे जेवण मुळातच बिनदुधाचे. भाकरी, पिठले, ठेचा, वालाचे बिरडे, जवसाची चटणी, आमसुलाचे सार यांत गोठ्यातले काय आहे? दिंडीत रस्त्याकडेला बसून खाल्ले ते हेच. कढी नारळाच्या दुधाची झाली, पुरणपोळीवरही कोकणात नारळाचे दूध घेतातच. नात एकदा मला उल्हासनगरला घेऊन गेली. फाळणीनंतर सिंधी बांधव ज्या लष्करी छावण्यांत आले, त्यांचेच १९४९ साली उल्हासनगर झाले. तिथली कढी मी कढी म्हणून जेवलो आणि मग कळले की तिच्यात ताकाचा थेंब नाही. डाळीचे पीठ तेलात खमंग भाजून, चिंचेचे आंबट घालून करतात. दाल-पकवानही तसेच. दाताला पकवान झेपले नाही, डाळ मात्र दोनदा मागून घेतली.

एकादशीला तर काहीच अडत नाही. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सारे चालते. गंमत अशी की यांतला एकही जिन्नस ज्ञानोबा-नामदेवांच्या काळी या देशात नव्हता. बटाटा, मिरची, भुईमूग आणि साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, सारे पोर्तुगीज आल्यानंतर समुद्रापलीकडून आले, आणि आपण त्यांना उपवासाच्या ताटात मानाने बसवले. तेव्हा रीत बदलत नाही असे मला कोणी सांगू नये.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. डॉक्टरांनी तिला बी-१२ ची गोळी घ्यायला सांगितले, ती नेमाने घेते. दूध सोडणाऱ्याने हे टाळू नये.

तिच्या एका प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. "पखवाजाचं चामडं, आबा?" ज्या वाद्यावर जन्म गेला, त्याच्या वाद्या कोणाच्या कातड्याच्या, हे मीच तिला लहानपणी दाखवले होते.

यंदा सप्ताहाआधी मी मंडळींना म्हणालो, काला म्हणजे काय? गोपाळांनी आपापली शिदोरी आणली, कोणाची शिळी भाकर, कोणाचे लोणचे, आणि देवाने ती एकत्र कालवली. ज्याच्या घरी जे होते ते. मग एका भांड्यात दही घालायच्या आधीचा काला वेगळा काढला तर काय बिघडते? विणेकरी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बुवा, काढा, पण देवापुढे दोन्ही एकत्र ठेवा." तसेच केले. लाह्या, पोहे, ओले खोबरे, भिजवलेली डाळ, लिंबाचे लोणचे.

नात ओळीत होती. मी तिच्या ओंजळीत काला घातला आणि गेल्या वर्षीच्या शब्दांची सर्वांदेखत क्षमा मागितली. तिने त्यातलाच घास माझ्या तोंडात घातला. घरी आल्यावर सूनबाईंनी चहा पुढे केला. दुधाचा होता. मी घेतला. सत्तर वर्षांची सवय आहे. संध्याकाळचा मात्र गवती चहाचा, कोरा, नातीबरोबर घेतो. त्या वेळी ती मला चांद्याच्या गोष्टी विचारते.